चौथा मजला डावीकडे, दोन डुकरं

११ मार्च, मंगळवार

दोन डुकरं ठेवून गेली! मी हो कधी म्हटलं तेच आठवत नाही.

बेल वाजली. वाटलं सासूबाई. पटकन उष्ट्या बश्या सिंकमध्ये ढकलल्या. दार उघडलं तर साठीची एक बाई, हातात खोकं, तोंड लालभडक. आमच्याकडे लिफ्ट नाही. चौथा मजला, चौसष्ट पायऱ्या. ती दोन मिनिटं नुसती धापा टाकत होती आणि खोकं शिट्ट्या मारत होतं.

"मी वेरेना. टाकून दिलेली गिनीपिग सांभाळते. घेतेस ना आत?"

कुणाच्या तरी गॅरेजमध्ये तेवीस सापडली म्हणे. सशाच्या पिंजऱ्यांत कोंबलेली, अंधारात, पाण्याच्या बाटल्या कोरड्या. वेरेनाचं घर भरलं, तिच्या बहिणीचं भरलं, बाथटबमध्ये सुद्धा सहा आहेत. माझ्याकडे सहा आठवडे ठेवायची.

मी म्हटलं, "अहो, माझं बाळ चार महिन्यांचं आहे!"

"झकास. म्हणजे घरीच असतेस. तसं कळलंच होतं मला, तुमच्याच बिल्डिंगमधून."

"कुणाकडून?"

"नाव नाही सांगितलं फोनवर. पण आवाज असा होता की मी खुर्चीतून उठून उभी राहिले."

मी म्हटलं, बरं, मग एकच ठेवा. तर म्हणते, "एकटं? बंदी आहे! आपल्या देशात कायदा आहे तसा. गिनीपिग एकटं राहिलं की झुरतं. खाणं सोडतं." मग माझ्या कडेवरच्या आंद्रीच्या गालाला बोट लावून म्हणाली, "माणसं ठेव हवी तेवढी एकटी. त्यांना कायदा नाही."

फॉर्म भरायला लावला. भित्र्या प्राण्याला सांभाळायचा अनुभव किती? मी लिहिलं, तेवीस वर्षं.

"वय नाही गं विचारलं."

"माहितीय."

१२ मार्च

ही वही आंद्रीची. बाळांना तपासणाऱ्या नर्सने दिली. किती वाजता पाजलं, किती वाजता शी – पुढून सगळे रकाने आहेत. मी मागच्या पानापासून लिहितेय. नर्स मागून वाचत नसेल बहुतेक.

डुकरांना नावं ठेवली. पिवळट ती राक्लेट, पांढरी ती टिल्सिटर. दोन्ही चीजची नावं. वेरेना म्हणे दोघी बहिणी असाव्यात. दोघींच्या पाठीवर टकलं पडलीत, किडे झाले होते. नखं इतकी वाढलीत की गोल गोल फिरून परत पायाकडे आलीत. गॅरेजमध्ये कुणी कापणार!

काकडी दिली. पळून गेल्या! काकडीला घाबरल्या. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एकमेकींच्या अंगाखाली डोकी खुपसून बसल्या. दोघींना एकाच वेळी खाली जायचं होतं.

म्हणजे माझ्यापेक्षा घाबरट कुणीतरी आहे जगात. बरं वाटलं. असं वाटू नये खरं तर.

१३ मार्च

काकडी संपली. कधी खाल्ली बघितलं नाही. साल पण नाही उरलं.

१५ मार्च, शनिवार

कोर्सिन आला, माझा नवरा. तो वर डोंगरावर असतो, स्कीच्या उतारांवर यंत्राने बर्फ सपाट करतो. ईस्टरपर्यंत हंगाम. सोमवार ते शुक्रवार तिथेच झोपतो.

दारातच म्हणाला, "उंदीर कुठून आले?"

"डुकरं आहेत."

"दीना, आपण एक बाळ सांभाळतोय ना आधीच?"

मग सूप पिता पिता हळूच मुद्द्यावर आला. सासूबाईंचा. त्या म्हणतात ईस्टरपर्यंत वाट बघू. तोवर मी बाळाला घेऊन जिना उतरायला लागले तर ठीक. नाहीतर सोमवार ते शुक्रवार आंद्री त्यांच्याकडे, वरच्या गावात. "नुसतं तू बरी होईपर्यंत. आई म्हणते, दूध पावडरचं देता येतं."

मी म्हटलं, "तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं बघू."

बघू! मी राक्लेटला मांडीवर घेऊन बसले. तिने माझ्या स्वयंपाकाच्या ॲप्रनवर सू केली. कोणाच्या तरी मनातलं बाहेर आलं.

१६ मार्च

जिन्याचं लिहून टाकते एकदाच.

जानेवारीत आंद्रीला घेऊन उतरत होते. बुटाला बर्फ होता. दुसऱ्या मजल्यावर पाय सटकला. एकच पायरी. कठडा धरला, काही झालं नाही. तो जागा सुद्धा झाला नाही. पण तेव्हापासून त्याला घेऊन पहिल्या पायरीशी उभी राहिले की गुडघे पाण्यासारखे होतात. त्याला घरात एकट्याला सोडून पण जाता येत नाही. म्हणजे जातच नाही. कोर्सिन शनिवारी त्याला घेऊन पुढे उतरतो, मी मागून डोळे मिटून.

हसण्यासारखंच आहे. सासूबाई हसल्याच होत्या. नंतर हसल्या नाहीत, ते जास्त वाईट.

१८ मार्च, मंगळवार

आज धुण्याचा वार आमचा. दोन आठवड्यांतून एकदा येतो. धुणंघर तळघरात. मी बाथटबमध्येच धुतलं. डुकरांच्या दुलया धुतल्या, तर टबमध्ये गवताचं शेत तयार झालं. गुडघ्यावर बसून चाळणीने गाळत होते. आंद्री गादीवरून बघत होता, जशी काही मी सर्कस.

संध्याकाळी दाराखालून चिठ्ठी. तिसऱ्या मजल्यावरच्या कफ्लिशबाई. बिल्डिंगमधल्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्याच, चौदा वर्षं. मोठी मोठी अक्षरं, आणि महत्त्वाच्या शब्दांखाली लाल शाईची दुहेरी रेघ. पट्टी लावून मारलेली.

'मंगळवारी धुणंघर *रिकामे* होते. सलग *चौथ्यांदा*. वार घेऊन *न धुणे* हे इतरांवर अन्याय आहे.'

मी दिलगीर आहे असं लिहून दाराखालून सरकवायचं ठरवलं. पण त्यांचं दार खाली आहे. जिना उतरून.

२० मार्च

फ्रिज उघडला – बोंबाबोंब! दोघी पुढचे पाय जाळीवर ठेवून उभ्या, आणि ओरडतायत अशा, जसं काही कुणी गळा कापतंय. एवढीशी जनावरं, आवाज ट्रेनच्या शिट्टीचा. पिशवी वाजली तरी तेच. मी खोकले तरी तेच.

आठ दिवसांपूर्वी काकडीला घाबरत होत्या.

२१ मार्च

वजनं. (वेरेनाला दर शुक्रवारी फोनवर सांगायची.) राक्लेट ७८०. टिल्सिटर ६९५. आंद्री सहा किलो दोनशे – त्याला पण तराजूवर बसवावंसं वाटलं, मावला नाही, तराजू तुटायचा. मग मी त्याला घेऊन न्हाणीघरातल्या काट्यावर उभी राहिले आणि वजाबाकी केली. उत्तर दोनदा वेगवेगळं आलं. शाळेत पण असंच व्हायचं.

२४ मार्च, सोमवार

शनिवारी कोर्सिनने दुलया खाली नेऊन मशीनला लावल्या. न विचारता! शनिवार कफ्लिशबाईंचा. त्या दुपारी धुणार होत्या, हा सकाळी घुसला.

आज चिठ्ठी.

'मशीनमध्ये *गवत*. माझ्या झोपायच्या गाऊनमध्ये *गवत*. काल चर्चमध्ये माझ्या मोज्यात *गवत*. चौथ्या मजल्यावर *गाय* आहे काय?'

कोर्सिनला फोनवर वाचून दाखवली. तो इतका हसला की त्याच्या यंत्राचा ब्रेक लागला म्हणे. मी पण हसले. मग आंद्रीने बघितलं की आई हसतेय, आणि तो पण – पहिल्यांदा आवाज काढून! हॅ-हॅ-हॅ, म्हाताऱ्यासारखं. डुकरं एकदम गप्प झाली.

२९ मार्च, शनिवार

कोर्सिन खालून पत्रं घेऊन आला. बिलं, जाहिराती, आणि एक पाकीट कँटनच्या, म्हणजे आमच्या प्रांताच्या सरकारी ऑफिसचं. वर रानबोकडाचा शिक्का. माझ्या नावावर.

सासूबाईंनी कळवलं. दुसरं काय असणार? सरकारी माणूस बाळाला बघायला येणार.

कोर्सिनला दाखवलं नाही. उघडलं पण नाही. त्याने 'काही खास?' विचारल्यावर 'जाहिरात' म्हटलं आणि पाकीट डुकरांच्या गवताखाली सारलं. तिथे कोणी हात घालत नाही.

१ एप्रिल, मंगळवार

धुण्याचा वार. मुकाट्याने टबमध्ये. चिठ्ठी आली. वाचली नाही.

५ एप्रिल

सासूबाई आल्या. अक्रोडाचा केक आणला, आणि इंची टेप. आंद्रीचा पाळणा त्यांच्या खोलीत मावतो का बघायला. माझ्यासमोर मोजला!

मग पिंजऱ्यापाशी वाकून म्हणाल्या, "यांना डॉक्टरकडे नेतात म्हणे? आमच्या गोठ्यातलं मांजर यांचा नाश्ता करेल."

मी म्हटलं, "म्हणूनच इथे आहेत त्या."

हे मी म्हटलं! मोठ्याने! सासूबाईंनी टेप गुंडाळली. सटकन् आवाज झाला, टिल्सिटर भांड्यात पडली.

जाताना म्हणाल्या, "पोरी, मी काही तुझी दुश्मन नाही. पण उद्या बाळाला ताप आला, तर खाली कशी नेशील? उडवशील खिडकीतून?"

मी खिडकीची कडी लावून घेतली.

६ एप्रिल

शेवटी हिंमत केली. पत्र काढायला गवतात हात घातला.

खाल्लंय!

शिक्का नाही. तारीख नाही. पाकिटाची प्लॅस्टिकची खिडकी नाही. उरलेल्या चिंधीवर एवढंच: 'आपल्या घरी', खाली 'योग्य काळजी', आणि आणखी खाली 'तपासणीसाठी'. कधी येणार ते डुकरांच्या पोटात.

राक्लेट बघतच नव्हती माझ्याकडे. टिल्सिटरच्या मिशीला निळी शाई.

७ एप्रिल

घर घासतेय. आज नसेल तर उद्या येतील. फरशी, नळ, दाराच्या मुठी. आंद्रीचे कपडे घडी करून रंगाप्रमाणे. वहीचे पुढचे रकाने नीट भरले. जिथे विसरले होते तिथे अंदाजे शी टाकली.

८ एप्रिल, मंगळवार

एका दमात लिहिते.

सकाळी फ्रिज उघडला. एकच ओरडली. टिल्सिटर कोपऱ्यात फुगून बसलेली, केस उभे. काकडी नाही. चिकोरीची पानं नाहीत. वेरेनाने बजावलं होतं – गिनीपिगने खाणं सोडलं की तास मोजायचे, दिवस नाही. वेरेनाला फोन – उचलत नाही. कोर्सिन डोंगरावर. जनावरांचा डॉक्टर आमच्याच रस्त्याच्या टोकाला. चार मिनिटं! पण आधी चौसष्ट पायऱ्या.

आंद्रीला छातीशी कापडाने बांधलं. दोन गाठी. मग तिसरी. खोक्यात दोघींना घातलं, एकटीला न्यायचं नसतं. दार उघडलं. पहिली पायरी.

मग मी बसले.

आणि बसल्या बसल्या खाली सरकले. एक पायरी. खोकं उचलून खालच्या पायरीवर ठेवायचं, मग आपण. पुन्हा खोकं, पुन्हा आपण. आंद्रीला वाटलं खेळ आहे. प्रत्येक पायरीला हॅ!

सोळा पायऱ्या झाल्या आणि कफ्लिशबाईंचं दार उघडलं. हातात पोछा. मी त्यांच्या चपलांपाशी.

"काय चाललंय?"

"खाली जातेय."

"बसून?"

"बसून."

"या आठवड्यात जिना पुसायची पाळी माझी. आत्ताच पुसलाय मी."

"दिसतंय. माझी मागची बाजू ओली झालीय."

हसतील असं वाटलं. नाही हसल्या. पोछा भिंतीला लावला, खोकं उचललं, आत बघितलं. "हीच ती गाय?"

मी रडायलाच लागले. म्हटलं, ही मरेल, आणि माझ्या बाळाला नेणारेत, आणि मला जिना येत नाही. तेवीस वर्षांची बाई, जिना येत नाही!

त्या माझ्या एक पायरी खाली जाऊन उभ्या राहिल्या, पाठ माझ्याकडे करून. "ऊठ. माझ्या खांद्यावर हात ठेव. पडलीस तर माझ्यावर पड. मी रुंद आहे."

उरलेल्या अठ्ठेचाळीस मी पायांनी उतरले. त्यांचा खांदा एवढा दाबला की वळ उठले असतील. त्या मोठ्याने पायऱ्या मोजत होत्या, चिठ्ठी वाचल्यासारख्या. महत्त्वाचे आकडे जोरात.

डॉक्टर विचारतो, हिने काय खाल्लं?

"रानबोकड," मी म्हटलं.

कफ्लिशबाईंनी त्याला नीट समजावलं: "सरकारी पत्र. खिडकीसकट."

तेलाचं औषध दिलं, पोट चोळायला सांगितलं, आणि पिचकारीने पातळ खाणं भरवायचं, दर तीन तासांनी. जमेल का, म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टर, मी पाच महिने दुसरं करतेय काय?

९ एप्रिल

खिडकी बाहेर आली! अख्खी! मी नाचले. नर्सच्या रकान्यात चुकून लिहिलं – 'शी, ९.१५, पारदर्शक.' खोडलं.

१० एप्रिल

टिल्सिटरने काकडी खाल्ली. मी पण खाल्ली. उभ्याने नाही, टेबलाशी बसून.

१४ एप्रिल, सोमवार

आले!

दहा वाजता बेल. तरुण माणूस, गळ्यात ओळखपत्र, धापा टाकत. "तपासणीसाठी आलोय. पत्र पाठवलं होतं."

मी त्याला आत घेतलं. आंद्रीची लशींची पुस्तिका पुढे केली. त्याने बघितली. वजनाचा तक्ता दिला, बघितला. घडी केलेले कपडे दाखवले. बाळाचं अंग उघडं करून दाखवलं, कुठे एक पुरळ नाही. मांड्यांच्या वळ्या मोजून दाखवल्या, डावीकडे तीन, उजवीकडे चार.

तो भला माणूस. सगळं शांतपणे बघत होता. शेवटी म्हणाला, "छानच आहे बाळ. पण – गिनीपिग कुठंय?"

"काय?"

"मी जनावरांच्या खात्याकडून आलोय. इथे एक गिनीपिग एकटं ठेवलंय अशी तक्रार आहे."

मी खालीच बसले. तेवढ्यात त्याच्या हातातला कागद वाजला आणि आतल्या खोलीतून बोंबाबोंब. दोन आवाज.

"दोन?" तो म्हणाला.

"दोन."

त्याने तरी आत जाऊन मोजल्या. एक, दोन. पिंजऱ्याला टेप लावली. पाठीवर टकलाच्या जागी आलेले केस बघितले, नखं बघितली. "कोणी कापली?" मी. "घाबरल्या नाहीत?" मी घाबरले, त्या नाही. त्याने लिहिलं – उत्तम.

जाताना तक्रारीची प्रत देऊन गेला. नियम आहे. तक्रार करणाऱ्याचं नाव काळं केलंय. टेबलावर ठेवलीय, ताटाखाली. डुकरांपासून लांब. मला वाचायला वेळ लागतो. आज नको. आज मला नुसतं बसायचंय.

बाळाला कोणी न्यायला आलंच नव्हतं!

१५ एप्रिल, मंगळवार

धुण्याचा वार. आमचा.

आंद्रीला पाठीशी बांधलं, टोपली पुढे. कफ्लिशबाईंना बेल वाजवायची नाही असं ठरवलं होतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत पायांनी. तिथे थांबले. मग दुसऱ्यापर्यंत, कठडा धरून. जानेवारीच्या पायरीवर – बसले. ती एकच. बसून सरकले, उठले, पुढे गेले. तळघरात पोचले तेव्हा अंगातला ब्लाऊज धुण्यात टाकण्यासारखा झाला होता.

कफ्लिशबाई तिथे आधीच. म्हणे सहज आले होते. त्यांचा वार नसताना!

"दुलया आधी झटका. *खिडकीबाहेर*." बोलण्यात सुद्धा लाल रेघ.

दोघींनी चादरी ताणून घड्या केल्या. तेवढ्यात वरून दणदण पावलं, आणि सासूबाई. तोंड पांढरं. पाळणा न्यायला आल्या होत्या, ईस्टरच्या आधी. घर रिकामं, बाळ नाही, मी नाही. चार मजले वर, चार मजले खाली.

"कुठे होतीस तू? माझा जीव गेला! खाली कशी आलीस?"

"पायांनी," कफ्लिशबाई म्हणाल्या. "एक पायरी सोडून. ती तिची खासगी बाब आहे."

सासूबाईंनी आंद्रीकडे बघितलं. त्याच्या टोपीत गवत. तो हॅ! म्हणाला. त्या कपडे वाळवायच्या दोरीच्या खांबाला टेकल्या.

मग म्हणाल्या, "पाळण्याचा एक स्क्रू ढिला आहे. मी तो आवळून जाते."

"इथेच राहणार ना पाळणा?" मी विचारलं.

"मग कुठे? मोजलाय मी. माझ्याकडे मावत नाही."

मावत होता. मी पण बघितलं होतं त्या दिवशी. वर हातभर जागा उरत होती.

१६ एप्रिल, बुधवार

आंद्री झोपलाय. तक्रार वाचली. बोट ठेवून, एकेक शब्द.

'चौथा मजला, डावीकडे. एक गिनीपिग *एकटे* ठेवले आहे. मादी. दिवसभर कोणी *नसते*. सारख्या फेऱ्या मारते, खाली ऐकू येते. *जिना उतरत नाही*. कायद्याप्रमाणे कोणीतरी *जाऊन बघावे*.'

मोठी अक्षरं. रेघा लाल, दुहेरी. पट्टी लावून.

वर तारीख आहे. २० फेब्रुवारी.

मी वहीचं मागचं पान काढून पुन्हा बघितलं. डुकरं आली ११ मार्चला.